जुन्या कबरींच्या दगडांचे फोटो: नजर कोरलेल्या लेखावर कशी आणायची? (फक्त संपादनाचा धागा)

कातळखूण

शिवडी, दापोली कॅम्प, जुनं गोवं, अलिबागजवळचं नवगाव. इथल्या कबरींचे फोटो आपल्याकडे वरचेवर येतात आणि बहुतेकांचं दुखणं एकच असतं. दगड मधोमध असतो, पण नजर जाते मागच्या पांढऱ्याफट्ट आकाशाकडे, नाहीतर बाजूच्या पोपटी गवताकडे. मग फोटो टाकणारा क्लॅरिटी (कडांचा उठाव) +७० करतो, भोवती काळी व्हिन्येट (कडेची गडद झालर) लावतो आणि संगमरवर सिमेंटच्या गोणीसारखा दिसायला लागतो.

दगड वर उचलत बसण्यापेक्षा आजूबाजूचं खाली बसवा. लेखाला हात सगळ्यात शेवटी, तोही हलका. नजर आधी उजळ भागाकडे जाते, मग जिथे काळं-पांढरं एकमेकांना भिडलंय तिथे, मग भडक रंगाकडे. अक्षरं मुळातच नजर खेचतात, त्यामुळे या तीन गोष्टी वाटेतून दूर केल्या की निम्मं काम होतं.

मी वापरतो तो क्रम (आकडे लाईटरूम या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅमचे, डार्कटेबल या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये हेच टोन इक्वलायझर आणि मास्क, म्हणजे फोटोचा निवडलेला भाग, वापरून होतं):

आधी लेन्स करेक्शन, मग पर्स्पेक्टिव्ह. 'गाइडेड अपराइट'मध्ये दगडाच्या दोन उभ्या कडांवर रेघा मारायचा मोह होतो, पण कित्येक दगड मुळात वर निमुळते घडवलेले असतात. त्या कडा समांतर केल्या की दगडाचा आकारच बदलतो. लेखाच्या वरच्या आणि खालच्या ओळीवर आडव्या रेघा मारा. उभी रेघ दगडाच्या मध्यावर एकच.

व्हाइट बॅलन्स १८ टक्के ग्रे कार्डवरून, कार्ड दगडाला टेकवून काढलेल्या फ्रेमवरून. झाडाखालच्या संगमरवरावर पानांचा हिरवा उजेड पडतो आणि तो बहुधा वरच्या भागावर जास्त असतो. त्यामुळे एकूण व्हाइट बॅलन्स बदलून तो जात नाही. वरून खाली लिनिअर मास्क लावून टिंट +८ ते +१५, मॅजेंटाकडे.

एक्सपोजर: संगमरवर असेल तर हायलाइट −४० पर्यंत. काळा कातळ असेल तर शॅडो स्लायडर +२० च्या वर नेऊ नका. कोरलेलं अक्षर दिसतं ते खाचेतल्या सावलीमुळे. शॅडो उचलली की तुम्ही स्वतःच्या हातांनी अक्षर बुजवता. "दगड उजळला पण वाचता येईना" ही तक्रार नव्वद टक्के वेळा इथूनच येते.

मग दगड ऑब्जेक्ट सिलेक्टने निवडून मास्क उलटा करायचा. बाहेरच्या सगळ्यासाठी: एक्सपोजर −०.६, सॅच्युरेशन −२५, टेक्स्चर −२०, हायलाइट −४०. आकाश पूर्ण जळालेलं असेल तर त्याला खाली ओढू नका, राखाडी कागद चिकटवल्यासारखं दिसतं. कापून टाका.

शेवटी लेखावर लंबगोल रेडियल मास्क, फेदर (कडेचा मऊपणा) ८०. एक्सपोजर +०.२५ ते +०.३५, टेक्स्चर +२५, क्लॅरिटी १० च्या आत. डीहेझ (धुरकटपणा काढणारा स्लायडर) अजिबात नाही.

---

उजेडकर

क्रम पटला, पण सपाट उजेडात काढलेल्या फोटोवर यातलं काही चालणार नाही. खाचेत सावलीच नसेल तर स्लायडर ती आणणार कुठून? त्यामुळे उन्हाचा हिशेब इथेच लिहितो, धाग्याशी संबंधित आहे.

ख्रिस्ती कबरींचे उभे दगड बरेचदा पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून असतात. मुंबईत सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो बाराला नाही, १२:४० च्या आसपास (महिन्यानुसार पाव तास मागेपुढे). हिवाळ्यात पूर्वाभिमुख दगडावर ११:४० ते १२:१० या वेळात ऊन दगडाच्या पातळीशी साधारण ७ ते १४ अंशांनी घासून येतं, आणि तुमच्या डावीकडून वरून येतं. अक्षरांसाठी याहून चांगला उजेड नाही. पश्चिमाभिमुख दगडाला तेच दुपारी १:१० ते १:४०, पण उजवीकडून. सकाळच्या कोवळ्या उन्हात पूर्वेकडच्या दगडाचा फोटो दिसायला गोड येतो, अक्षरं मात्र धुऊन निघतात, कारण ऊन समोरून पडतं.

उत्तराभिमुख दगडाला हिवाळ्यात थेट ऊन मिळतच नाही. तिथे आरसा. फ्रेमवाल्याकडून १२ बाय १६ इंचांचा साधा आरसा घ्या, कडांना टेप लावा, एकाला बाजूच्या उन्हात दोन-तीन मीटरवर उभं करा आणि उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून दगडावर घासत सोडायला सांगा. दगडावर आधीच समोरून ऊन असेल तर छत्री धरून ते अडवा, मग आरसा.

फोनवर एचडीआर बंद करा. तो खाचेतली सावली भरून काढतो आणि आपण ती पुन्हा आणायला संपादन करत बसतो. उलटं काम.

---

मुक्काम_रेवदंडा

+१. आणि कृपा करून कोणी अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, शेव्हिंग फोम, तारेचा ब्रश वापरू नये. खडू खाचेच्या बाहेर सांडतो आणि चुकीची रेघ तयार होते, हे फोटोचं नुकसान. दगडाचं वेगळंच. पापुद्रे सुटलेल्या दगडावर तर पाण्याचा फवारासुद्धा नको.

एक प्रश्न: पावसाळ्यानंतर कातळावर हिरवं शेवाळ आणि पांढरे गोल चट्टे (दगडफुलाची खरखरीत जात) दोन्ही असतात. फोटोत तेच आधी दिसतात, लेख मागे पडतो. काय करता?

---

कातळखूण

दोन्हींचा इलाज वेगळा. शेवाळाला रंग आहे, म्हणून ते रंगाने काबूत येतं. रंगीत फोटोत फक्त हिरव्याची सॅच्युरेशन −३० ते −४० आणि ल्युमिनन्स दगडाच्या पातळीला येईल इतकी वरखाली. कृष्णधवल करणार असाल तर हिरव्याचा स्लायडर थोडा वर न्या, शेवाळ आणि दगड एका करड्यात मिसळतात. लालवर भर दिलात तर शेवाळ काळं पडतं आणि प्रत्येक ठिपका अक्षराशी भांडायला लागतो.

पांढऱ्या चट्ट्यांना रंग नाही. ते कोणत्याही चॅनलमध्ये पांढरेच. तिथे घासत्या उजेडाला पर्याय नाही. संपादनात फार तर बर्नचा (गडद करणारा) ब्रश, ५ टक्के फ्लोने, फक्त लेखाच्या बाहेरच्या चट्ट्यांवर. लेखावरचे चट्टे तसेच राहू द्या. ते क्लोन करून (बाजूचा भाग वर चिकटवून) काढायला गेलात की खालचं अक्षर तुम्ही कल्पनेने लिहिणार.

कोकणातली आणखी एक गंमत: मागे जांभ्याची भिंत असेल तर ती तांबडी भिंत करड्या कातळापेक्षा आधी दिसते. नारिंगीची सॅच्युरेशन −२०, ल्युमिनन्स −१५. त्याहून जास्त केलंत तर माती मेल्यासारखी दिसते.

---

अक्षरवेल्हाळ

क्लोनचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहिते, कारण फोटो चांगला दिसतो म्हणून लेख चुकीचा वाचला गेलाय असं सर्रास होतं.

बेने इस्रायल (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) यांच्या कबरींवर मराठी आणि हिब्रू दोन्ही मजकूर सापडतो. हिब्रूत वर्ष अक्षरांनी लिहितात, प्रत्येक अक्षराला संख्या असते आणि हजारांचा आकडा बरेचदा गाळतात. आता 'हे' (५) आणि 'खेत' (८) ही दोन अक्षरं पाहा. दोन्हींना वर आडवी रेघ आणि दोन पाय. फरक इतकाच की 'हे'चा डावा पाय वरच्या रेघेला टेकत नाही, मध्ये बारीक फट असते. छोट्या दगडावर ती फट दोन-तीन मिलिमीटरची. क्लॅरिटी आणि शार्पनिंग जोरात लावलं की फटीच्या दोन्ही कडांची काळी किनार एकत्र येते आणि फट बुजते. ६५५ चं ६५८ झालं. इसवी सनासाठी १२४० मिळवले की १८९५ चं १८९८ (सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या नव्या वर्षापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला १२३९ मिळवायचे). नातेवाईक कागदपत्रांत तीन वर्षं पुढे शोधत बसतात.

संगमरवरात शिशाची अक्षरं बसवलेली असतात, त्यातली अनेक गळून पडतात आणि मागे बारीक गोल छिद्रं राहतात. ही छिद्रं म्हणजे शिसं धरून ठेवण्यासाठी पाडलेली भोकं. त्यांच्या मांडणीवरून गेलेलं अक्षर ओळखता येतं. स्पॉट हीलिंगने "धूळ" म्हणून ती पुसणारे लोक पाहिले की कपाळावर हात मारावासा वाटतो.

जुन्या गोव्यातल्या पोर्तुगीज दगडांवर शब्द तोडून लिहायची पद्धत. गाळलेल्या अक्षराची खूण म्हणून वर एक बारीक नागमोडी रेघ. नॉइज रिडक्शनने (फोटोतले दाणे घालवणाऱ्या साधनाने) सगळ्यात आधी जाते ती हीच.

आणि एआय. गवताची काडी लेखावर आडवी आली म्हणून 'रिमूव्ह' फिरवलं की ते साधन तिथे अक्षरासारखं काहीतरी भरतं. दिसायला अगदी कोरलेलं. एआय शार्पनही झिजलेल्या खाचेतून स्वच्छ, खोटं अक्षर काढतं. माझा नियम कडक आहे: लेखाच्या चौकटीत एकही पिक्सेल बाहेरून येणार नाही. काडी त्रास देत असेल तर फोटो काढतानाच हाताने बाजूला धरा.

म्हणून दोन प्रती ठेवा. नोंदीची प्रत: समोरून, १० सेंमीची पट्टी बाजूला, फक्त व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर, १६ बिट टिफ. दाखवायची प्रत: वर कातळखूण यांनी सांगितलेलं सगळं. दुसरीखाली "संपादित" असं लिहा, आणि पहिली कुठे आहे तेही.

---

उजेडकर

पूर्ण सहमत. फटीचं उदाहरण एकदम चपखल. शार्पनिंगमध्ये रेडियस ०.८ च्या आत आणि मास्किंग ६० च्या वर ठेवलं तर किनार एवढी जाड होत नाही.

---

गिम्पवाला

लाईटरूम सगळ्यांकडे नसतं. गिम्प या दुसऱ्या संपादन-प्रोग्रॅममधली रीत:

इमेज > प्रिसिजन मध्ये १६ बिट करून घ्या. ८ बिटमध्ये पार्श्वभूमी अंधारवली की आकाशात आणि गुळगुळीत संगमरवरावर पट्टे उठतात. मग नवा लेयर, रंग ८०८०८० (मधला करडा), मोड सॉफ्ट लाइट. फोटोत काहीच बदललेलं दिसणार नाही, ते बरोबर आहे. आता मऊ ब्रश (हार्डनेस ०), ओपॅसिटी ६ टक्के. पांढऱ्याने उजळ, काळ्याने गडद.

ब्रशचा आकार महत्त्वाचा. पार्श्वभूमीसाठी दगडाच्या रुंदीच्या निम्मा, लेखाच्या भागासाठी दोन-तीन ओळींच्या उंचीएवढा. एकेका अक्षराला ब्रश लावू नका, अक्षरं रंगवल्यासारखी दिसतात आणि अक्षरवेल्हाळ ताई रागावतात ते वेगळंच. दगडाच्या कडेवर काळा ब्रश आत-बाहेर दोन्हीकडे सांडू द्या. कड तंतोतंत पाळलीत तर दगडाभोवती उजळ वलय येतं आणि लांबूनच कळतं की इथे कोणीतरी काम केलंय.

तपासायला तीन गोष्टी. एक, १५० पिक्सेलचा थंबनेल. दोन, प्रतीवर ५० पिक्सेलचा गॉसियन ब्लर, मग सगळ्यात उजळ धब्बा कुठे उरतो ते पाहा. तो लेखावर नसेल तर पुन्हा बसा. तीन, फोटो आडवा उलटा करा. उलटी अक्षरं मेंदू वाचत नाही, त्यामुळे उजेडाचा तोल खरा दिसतो.

---

पणजीकर

हे सगळं उभ्या दगडांचं झालं. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चची जमीनच कबरींच्या दगडांनी फरसबंद आहे, घराण्यांची चिन्हं कोरलेली. तिथे अडचणी निराळ्या.

पहिली: ट्रायपॉड. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत त्याला आधी परवानगी लागते. हातात धरून १/६० आणि आयएसओ १६०० वर काढा. नॉइज आला तर येऊ दे, तो काढायला गेलात की ती नागमोडी रेघ जाते हे वर आलंच आहे.

दुसरी: पायाखाली घासून दगड गुळगुळीत झालेत, खिडकी त्यात चमकते. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) सरळ वरून काढताना काही करत नाही. तिरप्या कोनात, लंबापासून ५५ अंशांच्या आसपास, चमक खरोखर जाते. पण तिरपा फोटो सरळ करताना दूरची बाजू ताणली जाते आणि तिथली अक्षरं मऊ पडतात. म्हणून लेखाची बाजू स्वतःजवळ ठेवा, चिन्हाची दूर. चिन्ह मोठं असतं, त्याला ताण सोसतो.

तिसरी, आणि हिच्याकडे कोणी लक्ष देत नाही: उजेड फोटोच्या खालून आला तर कोरलेलं उठावाचं दिसतं आणि उठावाचं कोरलेलं. डोळा गृहीत धरतो की उजेड वरून येतो. जमिनीवरच्या दगडाला वरची बाजू कोणती ते लेख ठरवतो आणि खिडकी कुठे आहे ते वास्तू ठरवते. दोन्ही जुळेनात तर? दिवसाच्या दुसऱ्या वेळी, समोरच्या खिडकीचा उजेड असताना काढा. फोटो नुसता फिरवलात तर लेख उलटा होतो.

---

कातळखूण

अभ्यासापुरता एक उपाय आहे: खालून उजेड असलेला फोटो कृष्णधवल करून निगेटिव्ह करा. उजेड-सावलीची अदलाबदल होते आणि खाचा पुन्हा खाचा दिसतात. वाचायला कामी येतं.

---

पणजीकर

वाचायला हो, दाखवायला नको. काळा दगड राखेसारखा पांढरट दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटतं संगमरवर आहे.

---

मुक्काम_रेवदंडा

कललेल्या दगडाचं काय करायचं? मी सरळ करतो, पण मग मागची झाडं तिरकी होतात.

---

गिम्पवाला

दाखवायच्या प्रतीत कललेला दगड कललेलाच राहू द्या आणि झाडं उभी ठेवा. सरळ रेषांच्या गर्दीत एकच तिरकी वस्तू असली की नजर आपोआप तिथे जाते, फुकटात काम होतं. फक्त दगड ज्या बाजूला कललाय तिकडे थोडी जास्त जागा सोडा, नाहीतर तो फ्रेमबाहेर पडतोय असं वाटतं. नोंदीच्या प्रतीत खुशाल सरळ करा.

---

मोबाईलवाली

लॅपटॉप नाही, फोनवरचं स्नॅपसीड अ‍ॅपच आहे. जमेल?

---

उजेडकर

जमेल. क्रम असा: पर्स्पेक्टिव्ह. मग 'सिलेक्टिव्ह': एक ठिपका आकाशावर ब्राइटनेस −३०, एक गवतावर सॅच्युरेशन −३५. बोटांच्या चिमटीने ठिपक्याचा पसारा लहान-मोठा होतो, लाल दिसेल तेवढ्याच भागावर परिणाम. मग 'ब्रश'मध्ये डॉज अँड बर्न: बाहेर −५, लेखावर +५, दोन-तीन हलके हात. +१० ने डाग पडतात. 'डिटेल्स'मधलं स्ट्रक्चर सबंध फोटोला +१० च्या वर नको. लावायचंच असेल तर 'व्ह्यू एडिट्स'मध्ये जाऊन त्या पायरीचा ब्रश उघडा आणि ते फक्त लेखावर रंगवा. 'एचडीआर स्केप'च्या वाटेला जाऊ नका.

---

अक्षरवेल्हाळ

आणि दगडावर ठेवलेले खडे क्लोन करून काढू नका, कोणालाच सांगतेय. ज्यूंच्या कबरींवर ते भेट देणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेले असतात. मेणबत्त्यांचं मेण, सुकलेला हार, तेही तसंच. २ नोव्हेंबरच्या आसपास ख्रिस्ती दफनभूमीत साफसफाई होते, गवत कापलेलं असतं, तेव्हा काढलेल्या फोटोत पुसण्यासारखं फारसं उरतच नाही.

---

मुक्काम_रेवदंडा

पाण्याची प्लास्टिकची बाटली तरी काढू का?

---

अक्षरवेल्हाळ

फोटो काढण्याआधी उचला आणि कचऱ्यात टाका.

---

कातळखूण

:) फोटोत राहिलीच असेल तर दाखवायच्या प्रतीत काढायला माझी हरकत नाही, लेखापासून लांब असली तर. अलीकडच्या कबरी मागे दिसत असतील तर त्यांच्यावरची नावं आणि फोटो धूसर करा, तिथे घरची माणसं येत असतात.

---

मोबाईलवाली

धन्यवाद सगळ्यांना. शेवटचं एक: व्हॉट्सअॅपवर पाठवला की अक्षरं पुन्हा गिचमिड होतात.

---

गिम्पवाला

'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको. इथे टाकायला रंग एसआरजीबीमध्ये, लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेग क्वालिटी ८२ ते ८५. शार्पनिंग लहान केल्यानंतर, आधी नाही. संपूर्ण दगडात लेखाची ओळ २५ पिक्सेलपेक्षा बुटकी येत असेल तर लेखाचा वेगळा क्रॉप दुसरा फोटो म्हणून जोडा.